पराभवाची बखर

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा-पानाची भाषा थोडी बारकाईने वाचली, तर पराभवासाठी वापरले जाणारे तिथले शब्द मुख्यतः दोन ठिकाणांहून आलेले दिसतात. एक ठिकाण म्हणजे कुस्तीचा आखाडा. हरलेल्या संघाला ‘धूळ चारली’ जाते, ‘अस्मान दाखवले’ जाते, तो ‘चीतपट’ होतो, त्याला ‘लोळवले’ जाते. दुसरे ठिकाण पुण्यापासून फार दूर, उत्तरेत आहे. पराभव जिव्हारी लागण्याइतका मोठा असला की संघाचे ‘पानिपत’ होते. क्रिकेट, हॉकी, निवडणूक, परीक्षा असे क्षेत्र कोणतेही असो, मराठी माणसाला मोठ्या अपयशासाठी १४ जानेवारी १७६१ या दिवसाच्या पलीकडे फारसे जावे लागत नाही.

ही दोन्ही रूपके आपण एकाच श्वासात वापरत असलो, तरी त्यांच्यामागचे अनुभव परस्परांहून अगदी वेगळे आहेत. आखाड्यात पाठ लागलेला मल्ल अंग झटकून उठतो आणि पुढच्या जत्रेला पुन्हा लांग बांधतो. तिथे पराभव हा खेळाचा नित्याचा भाग असतो. पानिपतावरून मात्र परतणे नाही. तिथे एकदाच आणि सर्वस्व हरायचे असते. खेळातल्या पराभवाकडे आखाड्याच्या नजरेने पाहायचे की पानिपताच्या, या निवडीवर प्रेक्षकाचे पुढचे सारे वागणे अवलंबून राहते. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांतील काही पराभव आणि त्यांवरील लोकांच्या प्रतिक्रिया समोर ठेवून या निवडीचा इतिहास तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

आणखी एक शब्द आरंभीच नोंदवला पाहिजे. खेळ पाहणाऱ्याला आपण ‘क्रीडारसिक’ म्हणतो. हा शब्द काव्य-नाट्याच्या अंगणातून आला आहे. परंतु शोकान्त नाटक पाहून बाहेर पडणारा रसिक नटाच्या घरावर दगड फेकत नाही. नायकाचा नाश पाहून त्याला दुःख होते आणि त्या दुःखातूनच त्याला काहीतरी लाभते. सामना पाहणाऱ्याला मात्र ते अंतर राखता येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने मैदानावर नायक हरत नसतो, तो स्वतःच हरत असतो. ‘आपण हरलो’ असे तो प्रथमपुरुषी अनेकवचनात म्हणतो. दुसऱ्या दिवशी राग ओसंडू लागला की क्रियापद तेच राहते, सर्वनाम मात्र बदलते: ‘त्यांनी हरवले’. ‘आपण’पासून ‘त्यांनी’पर्यंतचा हा प्रवास हाच या लेखाचा विषय.

१.

खऱ्या पानिपतानंतर मराठी समाजाने काय केले, हे आधी पाहू. त्या पराभवाला समाजाने दिलेले तीन प्रतिसाद आपल्या वाङ्मयेतिहासात स्पष्ट नोंदले गेले आहेत.

पहिला प्रतिसाद बखरीचा. ‘भाऊसाहेबांची बखर’ वाचताना तिच्या गद्याचा जिवंतपणा आजही थक्क करतो. परंतु पराभवाची कारणे शोधताना बखर एकतर दैवाकडे वळते, नाहीतर माणसाकडे. कोणाचा अहंकार, कोणाचा हट्ट, कोणी नजीबखानाला पाठीशी घातले, कोणी ऐनवेळी काढता पाय घेतला, असाच तिचा शोध असतो. रसद तुटणे, महिनोन्महिने वेढ्यात राहणे, यात्रेकरू आणि बाजारबुणग्यांचे ओझे, उत्तरेत मित्र नसणे, या गोष्टी बखरीत येत नाहीत असे नाही. पण दोष ठेवायला तिला अखेर एखादा चेहरा लागतो.

दुसरा प्रतिसाद नकाराचा. सदाशिवरावभाऊ रणात पडले यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. याच अविश्वासाच्या जमिनीत भाऊंचा तोतया उगवला. त्याच्यामागे माणसे गेली, गडकोट गेले. अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच विषयावर लिहिले. तोतया हा एक लबाड माणूस होता, एवढे म्हणून भागत नाही. त्याला खरा मानण्याची गरज समाजाला होती, म्हणून तो पंधरा वर्षांनंतरही उभा राहू शकला.

तिसरा प्रतिसाद परीक्षणाचा, आणि तो फार उशिरा आला. त्र्यं. शं. शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा मराठी ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. भूगोल, अंतरे, ऋतुमान, सैन्याची जमवाजमव, राजकारणाची बाजू हे सारे पारखून त्यांनी त्या लढाईकडे पाहिले. पराभव झाला की बखर लगेच लिहिली जाते. शेजवलकर यायला दोनशे वर्षे लागतात.

दोषारोप, नकार आणि परीक्षण हा क्रम खेळाच्या पराभवातही जवळपास असाच आढळतो. फरक इतकाच, की खेळात पहिल्या दोन पायऱ्यांवरच बहुतेकांचा मुक्काम असतो.

२.

अजित वाडेकरांची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतामुळे पतौडींच्या जागी वाडेकर भारताचे कर्णधार झाले आणि १९७१ हे एकच वर्ष त्यांना अजरामर करून गेले. मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला भारताने वेस्ट इंडिजला प्रथमच कसोटीत हरवले आणि पुढे मालिका जिंकली. पदार्पणाच्या त्या मालिकेत सुनील गावस्करांनी ७७४ धावा केल्या, तर गोव्यात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी ६४२. २४ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडला त्यांच्याच भूमीत हरवण्याचा पराक्रम झाला. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले होते. गणेश चतुर्थीचे निमित्त साधून लंडनमधल्या चाहत्यांनी बेला नावाची हत्तीण मैदानात आणली. मायदेशी परतणाऱ्या संघाचे विमान आधी दिल्लीला वळवण्यात आले, पंतप्रधान इंदिरा गांधींनी स्वागत केले आणि मग मुंबईत रस्तोरस्ती माणसांचा पूर लोटला.

या आनंदाची सर्वांत बोलकी खूण मात्र मुंबईत नव्हे, इंदूरला उभी राहिली. होळकरांचे हे शहर मराठी भाषकांचे जुने केंद्र, कर्नल सी. के. नायडूंच्या होळकर संघामुळे क्रिकेटचेही. तिथे नेहरू स्टेडियमजवळ सिमेंट-काँक्रीटची एक भव्य बॅट उभारली गेली. तिला नाव मिळाले ‘विजय बल्ला’ आणि तिच्यावर विजयी खेळाडूंची नावे कोरण्यात आली. खेळातल्या विजयाला जयस्तंभाचे रूप देण्याची ही कल्पना. जयस्तंभ लढाईसाठी उभारतात. म्हणजे त्या क्षणी खेळाने आखाडा सोडला होता आणि तो रणभूमीवर जाऊन उभा राहिला होता. जिंकताना ज्याची लढाई होते, हरताना त्याचे पानिपत झाल्यावाचून राहत नाही.

१९७२-७३ मध्ये मायदेशी इंग्लंडला २-१ असे हरवून वाडेकरांनी सलग तिसरी मालिका जिंकली. १९७३ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मकथन प्रसिद्ध झाले. लेखकाच्या आयुष्यातील सर्वांत बोचरे प्रकरण घडण्यापूर्वीच पुस्तक छापून झाले होते.

ते प्रकरण १९७४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये घडले. मँचेस्टरची पहिली कसोटी ११३ धावांनी गेली. गावस्करांचे शतक वाया गेले. लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावा रचल्या. बेदींनी ६ बळी घेतले खरे, पण त्यांसाठी २२६ धावा मोजल्या. चंद्रशेखर त्या डावातच जायबंदी झाला. भारताचा पहिला डाव ३०२ वर संपला आणि फॉलोऑननंतर २४ जून रोजी दुसरा डाव अवघ्या १७ षटकांत ४२ धावांवर आटोपला. त्या ४२ मध्ये १८ धावा एकट्या एकनाथ सोलकरच्या होत्या आणि तो नाबाद होता. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा हा मुलगा; पडझडीत पाय रोवून उभे राहणे त्याच्या अंगवळणी पडले असावे. बर्मिंगहॅमची तिसरी कसोटीही डावाने गेली आणि मालिका ०-३ अशी संपली.

मैदानाबाहेरही अवकळाच होती. भारतीय उच्चायुक्तांच्या घरच्या समारंभाला संघ उशिरा पोचला आणि त्याला परत पाठवण्यात आले. एका खेळाडूवर लंडनच्या दुकानातील पायमोज्यांवरून आळ आला. धावफलकातील अपयशाला असा शरमेचा रंग चढला, की प्रेक्षकाला बखर लिहायला सामग्री आयती मिळते.

मायदेशी वाडेकरांच्या घरावर दगडफेक झाली. इंदूरच्या विजय बल्ल्याला डांबर फासण्यात आले. १९७१ मध्ये जी नावे कोरली, त्यांवर १९७४ मध्ये काळे फिरवले गेले. लागलीच दुलीप करंडकासाठीच्या पश्चिम विभाग संघातूनही वाडेकरांना वगळण्यात आले आणि वयाच्या ३३ व्या वर्षी त्यांनी खेळाचा निरोप घेतला. कर्णधार म्हणून त्यांचा हिशेब १६ कसोटी, ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित असा राहिला. चार पराभवांपैकी तीन एकाच उन्हाळ्यातले.

या घटनाक्रमातील एक गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. १९७४ च्या प्रेक्षकाने तो पराभव पाहिलाच नव्हता. मुंबई दूरदर्शन सुरू होऊन (२ ऑक्टोबर १९७२) जेमतेम पावणेदोन वर्षे झाली होती आणि लॉर्ड्सवरचा खेळ घरबसल्या दिसण्याची सोय नव्हती. होते ते रेडिओ आणि दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र. ढगाळ हवेत हलणारा चेंडू, ओलसर खेळपट्टी, ओल्ड आणि अर्नोल्ड यांचा अचूक मारा यांतले काहीही त्याच्या डोळ्यांसमोर नव्हते. त्याच्या हाती एकच आकडा आला, ४२. न पाहिलेल्या पराभवाची चीड पाहिलेल्या पराभवाहून जहाल असू शकते, कारण तिथे कल्पनाशक्तीला आवर घालणारे वास्तव हाताशी नसते. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून मराठी क्रीडा-पत्रकारितेला घडवले आणि बाळ ज. पंडितांनी मराठी धावते समालोचन घरोघरी पोचवले. त्यांच्यामुळे मराठी माणसाला खेळ ‘वाचण्याची’ आणि ‘ऐकण्याची’ सवय लागली होती. पण शांतपणे वाचायला बसण्याइतका धीर त्या जुलैत अनेकांपाशी नव्हता.

तो धीर का नव्हता, याचे उत्तर केवळ क्रिकेटमध्ये शोधून चालणार नाही. १९७२ च्या दुष्काळाची झळ महाराष्ट्र विसरला नव्हता. महागाई होती. जानेवारीत वरळीच्या चाळींत दंगल पेटली होती. मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला आणि तो मोडून काढण्यात आला. १९७१ साली विजयांनी उंचावलेली मान १९७४ पर्यंत पुष्कळ खाली आली होती. अमुक माणसाने दगड उचलला तो भाववाढीमुळे, असे सिद्ध करता येणार नाही, आणि तसा सोपा कार्यकारणभाव जोडूही नये. परंतु ज्या समाजाच्या हातून अनेक गोष्टी निसटत असतात, तो आपल्या मालकीच्या उरलेल्या एकमेव विजयाबाबत हळवा असतो, इतके म्हणता येते.

३.

वाडेकरांच्या आयुष्याने या कथेला एक उत्तरार्धही जोडला. १९९२ नंतर ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. १९९३ मध्ये संघाने मायभूमीत इंग्लंडला ३-० असे हरवले, म्हणजे १९७४ चा आकडा शब्दशः परत केला. आणि १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना भारत १ बाद ९८ वरून ८ बाद १२० असा कोसळला, तेव्हाही व्यवस्थापक वाडेकरच होते. प्रेक्षागारात जाळपोळ झाली, मैदानात बाटल्या आल्या आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. त्या संध्याकाळची आपल्या सर्वांच्या मनात राहिलेली प्रतिमा म्हणजे रडत मैदान सोडणारा विनोद कांबळी. तो १० धावांवर नाबाद होता.

यावेळी सारा देश दूरचित्रवाणीवर पाहत होता. तरीही दगडाच्या जागी बाटली आली, एवढाच बदल झाला. म्हणजे पराभव दिसला म्हणून प्रेक्षक समंजस होतो, असेही नाही. मात्र एक नवी गोष्ट घडली: हरणाऱ्याचा चेहरा दिसला. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करायला गेलेल्या प्रेक्षकाला तिथे रडणारा चोवीस वर्षांचा मुलगा आढळला. त्या अश्रूंनी पुष्कळांचा राग विरघळला. काहींनी मात्र त्यांचीही टिंगल केली.

४२ हा आकडा ४६ वर्षे भारताचा नीचांक म्हणून मिरवला. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला डाव ३६ धावांत संपला तेव्हा तो मागे पडला. दोन्ही डावांत नऊच बळी गेले होते आणि दहावा खेळाडू जायबंदी होता, हा एक योगायोग. आता दगड किंवा डांबर यांची गरज उरली नव्हती. ते काम हातातला फोन क्षणार्धात करत होता. पण त्यानंतर अवघ्या दहा दिवसांत, मूळच्या संगमनेर तालुक्यातल्या अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली भारताने मेलबर्न जिंकले आणि पुढे मालिकाही. तो घरी परतला तेव्हा स्वागतासाठी आणलेल्या केकवर कांगारूची प्रतिकृती होती. तो कापायला रहाणेने नकार दिला. विजयाच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याला न चिरण्याची ही वृत्ती आखाड्याची आहे, जयस्तंभाची नव्हे.

४.

क्रिकेटमधला पराभव अखेर ‘साहेबाच्या खेळा’तला असतो. आपल्या मातीतल्या खेळात आपण हरलो तर? हा प्रश्न ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेत उभा राहिला. योगायोगाने वाडेकरांचे निधन होऊन (१५ ऑगस्ट २०१८) तेव्हा जेमतेम आठवडा उलटला होता.

१९९० मध्ये कबड्डीचा समावेश झाल्यापासून पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताचीच होती. २३ ऑगस्टला इराणने उपान्त्य सामन्यात भारताला २७-१८ असे हरवले. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामनाही इराणने २७-२४ असा जिंकला. हुतुतूला ज्या महाराष्ट्राने नियम आणि संघटना दिल्या, १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ज्या खेळाचे दर्शन बर्लिनला घडवले, त्या महाराष्ट्राला हे पचणे अवघड होते. शिवाय यात एक अनपेक्षित गाठ होती. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक शैलजा जैन या नाशिकच्या.

म्हणजे मराठी वाचकापुढे एकाच दिवशी दोन बातम्या होत्या: आपल्या मुली हरल्या, आणि आपल्या नाशिकची बाई जिंकली. पानिपताच्या भाषेत या दोन बातम्या एकत्र बसत नाहीत, कारण त्या भाषेत पलीकडच्या छावणीत गेलेला आपला माणूस फितूर असतो. आखाड्याच्या भाषेत मात्र हे सहज बसते. वस्ताद कोणत्याही तालमीचा पठ्ठा घडवतो आणि पठ्ठ्याने डाव साधला की मान वस्तादाला मिळतो. जैन यांच्याकडे पाहताना मराठी मन या दोन भाषांमध्ये हेलकावत राहिले. अभिमान आणि शल्य एकाच वाक्यात येत होते. माझ्या मते तो हेलकावा हीच त्या पराभवाची सर्वांत मोलाची फलश्रुती. खेळ जगभर पोचावा अशी इच्छा असेल तर एखाद्या दिवशी जगाने आपल्याला हरवावे लागते, हे त्या दिवशी प्रथमच लख्ख दिसले. न्यूझीलंडच्या तरुण रग्बीपटूंनी २००८ पासून वीस वर्षांखालील गटाची जागतिक स्पर्धा सलग चार वेळा जिंकली आणि पाचव्या वेळी, २०१२ मध्ये, अंतिम सामन्यात ते दक्षिण आफ्रिकेकडून हरले. मक्तेदारी मोडल्याचे दुःख हे केवळ मराठी वा भारतीय दुःख नाही. ज्याला आपण आपला खेळ म्हणतो, तिथेच ते सर्वांत खोल रुतते.

५.

आतापर्यंतचे पराभव प्रौढांचे होते. हरणारा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल तेव्हा प्रेक्षकाचे दायित्व बदलते का, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे.

१९ फेब्रुवारी २००६ रोजी कोलंबोत एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानचा डाव १०९ धावांत संपला होता. भारताचे सहा फलंदाज ९ धावांत तंबूत परतले आणि सारा संघ ७१ वर आटोपला. त्या संघात रोहित शर्मा होता, चेतेश्वर पुजारा होता, रवींद्र जडेजा होता. तेव्हा त्या सामन्याची फारशी चर्चा झाली नाही, कारण कनिष्ठ गटाचे क्रिकेट अजून घरोघरी पोचले नव्हते. दुर्लक्षामुळे ती मुले वाचली, असेच म्हणावे लागेल.

पुढे तसे राहिले नाही. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेतील बेनोनी येथे झालेल्या अंतिम सामन्याकडे लाखो डोळे लागले होते. तीनच महिन्यांपूर्वी, १९ नोव्हेंबर २०२३ रोजी, अहमदाबादला थोरल्या संघाने ऑस्ट्रेलियाकडूनच विश्वचषक गमावला होता. त्याचे उट्टे धाकट्यांनी काढावे, अशी अपेक्षा जिकडेतिकडे बोलून दाखवली जात होती. मोठ्यांचे कर्ज मुलांनी फेडावे, ही आपल्याकडची फार जुनी रीत. या संघात बीडचा सचिन धस होता आणि सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी. पाच दिवस आधी, उपान्त्य सामन्यात, २४५ धावांचा पाठलाग करताना ४ बाद ३२ अशी अवस्था असताना धसने ९६ धावा केल्या होत्या आणि कर्णधार उदय सहारनसोबत १७१ धावांची भागीदारी करून सामना ओढून आणला होता. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या २५३ धावांपुढे भारत १७४ धावांत बाद झाला. कुलकर्णीच्या ३ धावा झाल्या, धसच्या ९. स्पर्धेत तोवर अपराजित राहिलेला संघ ७९ धावांनी हरला.

फेब्रुवारी हा आमच्या राहू बेटात ऊसतोडीचा भर हंगाम. मुळा-मुठा आणि भीमेच्या पाण्यावर पोसलेल्या या पट्ट्यात त्या दिवसांत गुऱ्हाळे धगधगत असतात आणि उसाच्या फडाशेजारी कोप्या पडलेल्या असतात. दौंड-शिरूरच्या उसावर येणाऱ्या टोळ्यांत बीड जिल्ह्याच्या माणसांचा भरणा मोठा. ज्या जिल्ह्याचे नाव इतरांना दुष्काळ आणि स्थलांतर यांच्या बातम्यांतून ठाऊक, त्या जिल्ह्याचा एक मुलगा विश्वचषकाचा अंतिम सामना खेळत होता, ही घटनाच केवढी मोठी होती. पण दुपारी सुरू झालेला सामना रात्री संपला आणि समाजमाध्यमांवर ती ९ धावांची नोंद होऊन बसली. ‘पुन्हा ऑस्ट्रेलिया’, ‘पुन्हा तेच’ असे शब्द फिरू लागले. ९६ आणि ९ या दोन आकड्यांमध्ये अवघे पाच दिवस होते. प्रेक्षकाच्या स्मृतीने जवळचा आकडा उचलला.

इथे एक युक्तिवाद नेहमी केला जातो: हरलेली मुले पुढे मोठी होतात, म्हणून त्यांना सांभाळून घ्यावे. दाखला म्हणून २००६ मध्ये ७१ धावांत गारद झालेल्या संघातला रोहित शर्मा पुढे आणला जातो. २९ जून २०२४ रोजी त्यानेच कर्णधार म्हणून टी-ट्वेंटी विश्वचषक उंचावला. गोष्ट खरी आहे. युक्तिवाद मात्र अपुरा आहे. त्या अकरांपैकी तीन-चार नावे आपल्याला आठवतात, बाकीची आठवत नाहीत. ज्यांचा पुढे विश्वचषक झाला नाही, त्यांच्या त्या दिवशीच्या पराभवाचे काय? उद्याच्या विजयाच्या तारणावर आजची सहानुभूती द्यायची असेल, तर ती सहानुभूती नव्हे, सावकारी आहे.

हा प्रश्न आम्हा शिक्षकांना अधिक जवळचा वाटतो, कारण त्याच वयाची मुले आमच्यासमोर बाकांवर बसतात. पोलीस भरती आणि सैन्यभरतीसाठी पहाटे अंधारात रस्त्यांवर धावणारी मुले या तालुक्यांत गावोगाव दिसतात. त्यांतली बहुतेक मुले कुठल्या तरी यादीत काही गुणांनी, काही सेकंदांनी मागे पडणार असतात. त्यांच्या पराभवाला समालोचक नसतो, पण प्रेक्षक असतात: घर, भावकी, पार. एखाद्या क्रिकेटपटूच्या ९ धावांबद्दल पारावर जे बोलले जाते, ते तिथे बसलेला एकोणीस वर्षांचा मुलगा ऐकत असतो. इथे हरणाऱ्याला कोणती भाषा मिळते, हे तो त्यातून शिकतो. खेळाच्या पराभवावरची आपली प्रतिक्रिया निरुपद्रवी करमणूक नाही, ती याच कारणासाठी.

६.

आखाड्याची भाषा म्हणजे पराभवाला किरकोळ ठरवणे नव्हे. जत्रेतल्या कुस्त्यांचा फड ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असते, की तिथला प्रेक्षक निर्दय परीक्षक असतो. नुसती ढकलाढकली चालली की तो ओरडतो, निकाली कुस्तीची मागणी करतो, चुकलेला डाव नावानिशी सांगतो. पण कुस्ती चटकदार झाली तर हरलेल्याच्या हातीही बक्षिसाची नोट पडते. तोडीस तोड झाली तर ती बरोबरीत सोडवून इनाम वाटून दिला जातो. जिंकणारा हरलेल्याला मिठी मारतो. रग्बीतही सामना संपल्यावर विजेत्यांनी दोन रांगा करून, टाळ्या वाजवत पराभूतांना वाट देण्याची रीत आहे. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांनीच हे शिष्टाचार जपले आहेत, हे लक्षणीय आहे. प्रतिस्पर्ध्याचा घाम ज्याने अनुभवला आहे, त्याला त्याची निंदा करणे जड जाते. निंदा दूर बसलेल्याला सोपी असते, आणि आजचा प्रेक्षक पूर्वी कधी नव्हता इतका दूर आहे आणि त्याच वेळी पूर्वी कधी नव्हता इतका खेळाडूच्या कानाजवळ.

आखाड्याच्या या रीतीत परीक्षण आहे आणि मायाही आहे. शेजवलकरांच्या ग्रंथातही हे दोन्ही होते. पराभवाची कारणे कठोरपणे मांडणारा तो इतिहासकार लढलेल्या माणसांविषयी तुच्छतेने बोलत नाही. कारणांची चिकित्सा करायची आणि माणसाला मोकळे सोडायचे. बखरकार नेमके याच्या उलट करतो. तो कारणांना मोकळे सोडतो आणि माणसाला धरतो.

इंदूरचा विजय बल्ला पुढे दुरुस्त झाला, डांबर निघाले, नावे पुन्हा दिसू लागली. १९७४ मध्ये काळी झालेली ती अक्षरे १९७१ मध्ये जितकी खरी होती, तितकीच आजही खरी आहेत. ४२ हा आकडाही तितकाच खरा आहे. हे दोन्ही एकाच संघाचे सत्य म्हणून शेजारी शेजारी वाचता येणे, हे रसिकाचे काम. क्रीडारसिक हा शब्द आपण वापरतोच आहोत, तर त्यातल्या उत्तरपदाला जागणे फार अवघड नसावे.